परतीचं पाणी

आधी पाय गरम करावे लागतात.
थंड कातडीखाली नस खोटं बोलते,
आहे त्याहून म्हातारी भासते.
म्हणून शाणू केरकरांच्या पावलांवर
रबरी पिशवी ठेवते, आधी स्वतःच्या मनगटावर तपासून,
आणि फाइल वाचते.
कर्करोग विभागाकडून. सुरुवात फुप्फुसात,
आता मेंदूच्या, कण्याच्या अस्तरात.
खाली कुणीतरी पेनाने: पाय बधिर, दोनदा न्हाणीत पडले.

बांबोळीच्या या खोलीला खिडकी नाही.
त्यांची लेक सुलक्षा चपला बाहेर काढून आलीय,
देवळात आल्यासारखी. मी काही बोलत नाही.

"काम काय करायचे?"
"मानस सांभाळायचे. चोडणला, चाळीस वर्षं."
मी कोल्हापूरकडची, मला मानस म्हणजे मन.
ते हसतात. मन न्हय बाये, दार.
खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला नदीच ते ढकलून मिटते,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून उघडतं.
आपण फक्त फळ्या, जाळं आणि रात्र सांभाळायची.

टेप धरून सेंटिमीटर मोजते.
पोटरीवर बारीक झटका, घोट्यामागे माझी पट्टी कान लावून.
नस उत्तर देते. स्वच्छ, उंच,
तिशीतल्या माणसाला शोभेल असं.
पण मघाशी तिथेच कापूस फिरवला
तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले होते,
"सुरू केलंस?"
अकरा वर्षांत मला हे कुणाला नीट समजावता आलेलं नाही:
पाऊल बोलतंय, खणखणीत बोलतंय,
आणि वर ते कुणाला ऐकू जात नाही.

आता दुसरी चाचणी.
घोट्यापाशी झटका. लाट वर जाते,
गुडघा, मांडी, कंबर, थेट कण्यापर्यंत,
तिथून वळते
आणि डोळा लवायच्या आत
लहानशी होऊन पावलात परतते. परतायला हवी.
दहा झटके. दहादा अंगठा उडतो.
पडद्यावर दहा रेषा एकाखाली एक,
आधी उसळी, मग
सपाट.
आणखी दहा देते, नियमात बसतात.
त्यापुढचे पाच माझे.
त्या पाचांचा अहवालात उल्लेख नाही.

"उदक परतलें?"
लाट हा शब्द मीच दिला होता. चूक माझी.
"डॉक्टर सांगतील."
"दोतोर सांगतलो. पूण पळयलां तुवें."

पायावरच्या केसांत अडकलेली पांढरी पेस्ट मी पुसत राहते.
ते माझ्यासाठी मराठीत, सावकाश:
"गेलेलं पाणी वेळेवर आलं नाही
तर दाराला शिव्या देऊ नयेत.
कंदील घ्यायचा, बांधावर चालायचं.
कुर्ल्यांनी कुठेतरी पोखरलेलं असतं,
बोटाएवढं भोक. चिखल भरायचा, पेंढा, वर टाच.
सापडलं तर."
"नाही सापडलं तर?" हे सुलक्षा विचारते.
ते पायाकडे बघतात,
हा तुमचाच, असं मघाशी मी सांगितलेल्या पायाकडे.
"मग शेत नदीचं."

दोन्ही बाजूंच्या परतीच्या लाटा मिळाल्या नाहीत.
संवेदी नसा सामान्य.
टाइप करते, सही डॉक्टरांची.

व्हीलचेअर दाराबाहेर वळते
तेव्हा डाव्या पायातली चप्पल उंबऱ्यावर सुटते
आणि ते गप्पा मारत पुढे जातात,
चतुर्थीला माटोळी कोण बांधणार वगैरे.
चप्पल उचलते. टाचेच्या खाचेत
राखाडी चिखल, सुकून दगड झालेला, त्यात शिंपल्याचा कण.
हाक मारायला हवी.
आत पुढच्या बाई टेबलावर चढून बसल्यात,
त्यांचे पाय बर्फासारखे आहेत.